उजवीकडून उघडायचं पुस्तक

आमची मुलगी उमरग्याच्या शाळेत बास्केटबॉल खेळते. पुण्याच्या मावसभावानं तिला एक जपानी चित्रकथा पाठवली. इंग्रजीत केलेली, बऱ्याच भागांतला पहिला भाग. मी उघडली तर आत छापलेलं, तुम्ही चुकीच्या बाजूनं सुरुवात केली आहे. आमचे हे म्हणाले, "बांधणाऱ्यानं उलटं बांधलंय. परत पाठव त्याला."

तेव्हा घरात काळजी वेगळीच होती. माझे सासरे, आबा, नव्वदीला टेकलेले. नुकतंच त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं आणि वाचाही गेली होती. समजायचं सगळं, तोंडातून शब्द येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, पहिले काही महिने महत्त्वाचे, त्यांना बोलतं करा. शेतांच्या बांधांची भांडणं उभ्या उभ्या मिटवणारा माणूस खाटेवर पडून पत्र्याकडं बघत राहायचा. पेपर पुढं धरला तर ढकलून द्यायचे.

मुलीनं चित्रकथा त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती छातीवर ठेवली, उजवीकडून उघडली आणि चित्रंही उजवीकडून डावीकडं बघत गेले.

"आई, आबांनी बरोबर उघडलं बघ. हे पुस्तक असंच असतंय."

आबा निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत उर्दूत शिकले होते. नंतर उभं आयुष्य त्यांनी मराठीच वाचलं, त्यामुळं ही गोष्ट आम्ही विसरूनच गेलो होतो.

मग रोज संध्याकाळी शाळेतून आली की ती खाटेवर बसून त्यांना गोष्ट सांगायची. एक उंच, भांडखोर पोरगा. एका मुलीवर छाप पाडायला बास्केटबॉलच्या संघात शिरतो. खेळातलं ओ का ठो कळत नाही, म्हणून त्याला कोपऱ्यात नुसता चेंडू आपटायला लावतात.

"बघा आबा, ह्याला खेळूच देत न्हाईत. माझंबी असंच चाललंय."

"तुझं तोंड बंद ऱ्हायलं तर घेतील," हे म्हणाले. आबा अर्ध्या तोंडानं हसले.

अशाच एका संध्याकाळी त्या कोपऱ्यातल्या पोराच्या पानावर बोट फिरवताना आबांच्या तोंडून आलं, "अलिफ." थोडं थांबून, "बे. पे. ते."

ह्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. शेजारचे म्हातारे शिंपीचाचा बघायला आले. ऐकून म्हणाले, "बरळत न्हाईत बाई. पाटीवरची अक्षरं हायती, उर्दूची. आमच्यासंगंच घोकायचे की."

डॉक्टरांना फोन केला. लहानपणी पाठ केलेलं आधी येतं, म्हणाले; पुढं शब्दही येतील कदाचित. मी त्या दिवशी शिरा केला.

मुलीनं चाचांकडून अक्षरं शिकून घेतली. बे म्हणजे बकरी. अंगणात शेळी बांधलेली होतीच. ती शेळीकडं बोट करून म्हणाली, "आबा, बे... ब..." आबांना शेळी दिसत होती, कळत होती. "बे," ते म्हणाले. ओठ थरथरले, मानेच्या शिरा ताणल्या, आणि आलं ते "पे". पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा पे. शेवटी त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मुलगी चेंडू घेऊन बाहेर गेली आणि दिवस मावळेपर्यंत एकाच जागी आपटत राहिली. मी हाक मारली नाही.

त्यापुढं बोलणं गेलंच नाही. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, ह्यांच्यावर चिडायचं असलं, तरी तीच चार अक्षरं. सुरावरून आम्ही ओळखायला शिकलो. मुलगी म्हणायची, "आबा चार अक्षरांतबी पप्पांना लई झापतेत."

पावसाळा संपता संपता एका दुपारी घरात मी एकटीच होते. हे शेतात, मुलगी सामन्याला गेलेली. आबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि बोलायला लागले. चिडून नाही. पूर्वी बांधाचं प्रकरण समजावून सांगायचे तसं, सावकाश, मध्ये थांबून, माझ्याकडं बघत. अलिफ, बे, पे, ते. मी विचारलं, "पाणी पायजे का?" मान हलली, नाही. "शेताचं काही? पोरीचं?" नाही. त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मनगट सोडलं तेव्हा चुलीवरचं दूध उतू गेलेलं होतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे दुसरा झटका आला आणि आबा गेले.

दहावा झाल्यावर मुलीनं विचारलं, "त्या दुपारी काय म्हणत होते?"

मी अक्षरं म्हणून दाखवली.

"तशी न्हाय. त्यांनी म्हटली तशी म्हण."

मी पुन्हा म्हणून बघितलं. सावकाश, थांबत थांबत. ती माझ्या तोंडाकडं बघत बसली होती. मला काही तो सूर लागला नाही.