बहात्तर तासांचं इंजेक्शन

बाळंतपणाच्या हॉस्पिटलात जिन्याखाली एक अरुंद खोली होती. आत एक शिलाई मशीन, एक खिडकी आणि छताला टेकलेला चादरींचा ढीग. तिथं ती एकोणीस वर्षं फाटक्या चादरी सांधत आणि बाळांची दुपटी शिवत बसली होती. सगळे तिला मावशी म्हणायचे. "इथं टाके घालणारे दोघंच," नर्स हसायच्या, "डॉक्टर आणि मावशी. त्यातले मावशींचे उसवत नाहीत."

तिला स्वतःला एकच मुलगी. पहिल्या खेपेची, ठणठणीत. पुढच्या खेपेला मुलगा झाला तो हळदीसारखा पिवळा. तिसऱ्या दिवशी गेला. त्यानंतरचा अंगभर सुजलेला, मेलेलाच जन्मला. चौथं सातव्या महिन्यात पोटातच थांबलं. सासू असेपर्यंत तोंडावर म्हणायची, "हिचं पोट म्हणजे विहीर. टाकाल ते बुडतं." शेजारणी आपली पोरं तिच्या कडेवर देईनाशा झाल्या.

नवरा मात्र एका शब्दानं बोलला नाही. दुसरं लग्न कर म्हणून लोक मागं लागले, तेव्हा त्यानं नुसती मान हलवली. देवमाणूस, सगळे म्हणाले. तिलाही तेच वाटलं. त्या उपकाराखाली ती वाकून जगली. त्याच्या शब्दापुढं शब्द काढला नाही. त्याच्या हातून कप फुटला तरी चूक आपलीच, मी कडेला ठेवला होता, असं म्हणत आली.

एका दुपारी एक तरुण नर्स ॲप्रनचं बटण लावून घ्यायला आली. आली तीच कुरकुरत.

"सात नंबरच्या बाईचा नवरा डोकं खातोय हो! म्हणे बाळंतपण झालं, बाळ धडधाकट आहे, आता आईला इंजेक्शन कशाला?"

"खरंच, कशाला?"

"बाईचा रक्तगट निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह. बाळंत होताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. तिच्या शरीराला वाटतं, घरात चोर शिरला. मग ते त्या रक्ताविरुद्ध शिपाई तयार करतं. पहिलं मूल तोवर बाहेर आलेलं असतं, ते सुटतं. पण शिपाई जन्मभर राहतात. पुढचं बाळ पॉझिटिव्ह असलं, की ते नाळेतून आत शिरतात आणि बाळाचं रक्त फोडतात. बाळ पिवळं पडतं, सुजतं. बहुतेक दर खेपेला आधीपेक्षा वाईट."

सुई बटणाच्या भोकात तशीच राहिली.

"आणि इंजेक्शन दिलं तर?"

"बहात्तर तासांच्या आत दिलं, तर शरीराला चोराचा पत्ताच लागत नाही. शिपाई तयारच होत नाहीत. मावशी, दोरा तोडा ना, राउंडची वेळ झाली."

घरी नवऱ्याची कागदांची फाइल होती. तो पाण्याचे मीटर वाचायच्या नोकरीतून निवृत्त झालेला, कागद नीटनेटके ठेवायची त्याला सवय. तिनं फाइल कधी उघडली नव्हती. त्या संध्याकाळी उघडली. सगळ्यात तळाशी तिच्या पहिल्या बाळंतपणाचा कागद होता. आई निगेटिव्ह. बाळ पॉझिटिव्ह. इंजेक्शन सांगितले, नातेवाइकांचा नकार. खाली नवऱ्याची सही.

तो फिरून आला तेव्हा ती कागद हातात घेऊनच बसली होती.

"हे काय आहे?"

त्यानं चष्मा लावला. वाचायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लावला.

"अगं, ते इंजेक्शन पार दुसऱ्या टोकाच्या दुकानात मिळायचं. दोन रात्री झोप नव्हती मला. आई म्हणाली, पोर सुखरूप आहे, आता कशाला नसते उद्योग. केली सही."

"आणि मुलगा गेला तेव्हा?"

त्यानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायला घेतला.

"तेव्हा डॉक्टर काही बोलले नाहीत?"

"बोलले," तो म्हणाला. "म्हणाले, तेव्हा द्यायला हवं होतं. पण गेलेलं मूल काय परत येणार होतं?"

"तुमची आई मला विहीर म्हणायची. तुम्ही समोर जेवत असायचात."

"मी कधी बोललो का तुला? टाकलं का?" त्याचा आवाज चढला. "दुसरा असता तर..."

"दुसऱ्याचे आभार मानत पंचवीस वर्षं जगले नसते मी."

तिनं मुलीला फोन केला. मुलगी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आई, आता हे उकरून काय मिळणार? या वयात बाबांना किती लागेल, त्याचा विचार कर." तिला काय लागलं, हे मुलीनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मेट्रनकडं हॉस्पिटलच्या मागची कामगारांची खोली मागितली. मेट्रननं कारण विचारलं नाही, किल्ली दिली. ती राहायला आली.

महिन्याभरानं नवरा तिचे उरलेले कपडे पिशवीत कोंबून घेऊन आला. दारातच उभा राहिला.

"लोक विचारतात. काय सांगू?"

"खरं ते सांगा."

तो पिशवी ठेवून जरा घुटमळला. "त्यापेक्षा तुझी तब्येत बरी नसते असंच सांगतो," म्हणाला, आणि गेला. सगळीकडं त्यानं तेच सांगितलं. लोकांनाही ते पटलं.