पाचवं शील

परंड्याचे गुलाबतात्या विहारात चार शीलं मोठ्यानं म्हणायचे. दारू न पिण्याचं पाचवं आलं की गप्प व्हायचे. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं.

त्यांच्यासाठीच लेकीनं, चैतालीनं, व्यसनमुक्ती समुपदेशनाचं ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं. शेवटच्या तासाला मॅडम म्हणाल्या, "घरच्या माणसाचं समुपदेशन करायचं नाही. त्याला दुसऱ्याकडं पाठवायचं." हे आधी सांगायला तोंडाला कुलूप लागलं होतं का?

प्रमाणपत्र मिळून तिचं नाव यादीत चढलं, त्याच आठवड्यात तात्या आपणहून म्हणाले, "चल, तू म्हणशील तिथं येतो."

चैतालीनं मोबाइलवर समुपदेशकांची यादी उघडली. आसपासच्या तीन तालुक्यांत मिळून एकच नाव होतं. तिचं.

"कुठं जायचं, पोरी?" तात्या चपला घालून दारात उभे होते.

ती यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत सरकवत राहिली. जरा वेळ वाट बघून ते एकटेच गुत्त्याकडं निघाले.