वसतिगृहाचे पोर्ट

"मंग हिले बी गेस्टमाच टाकी दे," साहेब म्हणाले. दोन्ही क्लार्क हसले.

'ही' म्हणजे माझी आई. डोंगरातल्या मोलगीहून जीपने, मग एसटीने शहाद्याला आली होती. मुलगी कुठे काम करते ते बघायला. कार्यालयाच्या दारात उभी. गळ्यात चांदीची हासळी, हातात साहेबांसाठी आणलेली आमचुराची पिशवी. ती पिशवी कुणी घेतली नाही.

मी शहाद्यातल्या एका कॉलेजात, या साहेबांच्या हाताखाली कंत्राटी तंत्रज्ञ. नेटवर्कच्या स्विचवर नवी व्यवस्था बसवत होते. भिंतीतल्या पोर्टमध्ये केबल खोचली की स्विच आधी नाव आणि पासवर्ड विचारणार. सर्व्हरला ओळख पटली तर पोर्ट उघडणार. नाही पटली तर ते मशीन गेस्टमध्ये. म्हणजे बाजूला, जिथून आतलं काहीच हाती लागत नाही. सकाळीच मी हे साहेबांना समजावून सांगितलं होतं. संध्याकाळी त्यांनी ते माझ्या आईवर वापरलं.

मी कीबोर्ड सोडून आईला घेऊन बाहेर पडले.

बस स्टँडवर आईने आमच्या पावरी बोलीत विचारलं, गेस्ट म्हणजे काय.

"पाहुणे," मी सांगितलं.

तिचा चेहरा उजळला. मोलगीच्या बाजारात तिने बायांना सांगितलं म्हणे, मुलीच्या साहेबाने मला पाहुणी म्हटलं. त्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. तेच खरं धरून गेली. खरा अर्थ मी तिला सांगितलाच नाही.

कामावर परतले त्या दिवशी साहेबांनी बोलावलं. आदिवासी मुलींच्या वसतिगृहात एक संगणक खोली होती. डोंगरातल्या पोरी तिथे नर्सिंगच्या, पोलीस भरतीच्या परीक्षांचा सराव करायच्या.

"त्या पोरीस्ना नावं काढी टाक," साहेब म्हणाले. "त्यास्ले कसाले नेट लागस?"

मी सर्व्हरवरची पोरींच्या नावांची यादी उघडली. पावरा. वळवी. पाडवी. तडवी. काढायला वेळ लागणार नव्हता. पण दारातली आई दिसत होती.

"नाही काढणार."

"काय?"

"नाही काढणार, साहेब. त्या याच कॉलेजच्या विद्यार्थिनी आहेत."

"दोन बुकं शिकनी, आते आमलेच शिकाडी ऱ्हायनी का?"

"माझ्या आईला तुम्ही काय म्हणालात, ते मला त्या दिवशीच कळलं होतं."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. आठवायचा प्रयत्न करत होते. त्यांना आठवलं नाही. माझी आई ज्या शब्दावर खूश होऊन मेली, तो त्यांच्या लक्षातही नव्हता.

दुसऱ्या दिवशी माझंच लॉगिन चालेना. कंत्राट संपवलं होतं. पोरींची नावं दुसऱ्या कुणीतरी काढली. आता त्या मोबाइलच्या तडकलेल्या काचेवर अभ्यास करतात, रेंज मिळेल त्या पायरीवर बसून. मी जिंकले नाही. जिंकले असं कुणाला सांगतही नाही.

पोरींची नावं काढल्याबद्दल वरच्या कार्यालयात तक्रार दिली आहे. माझ्या सहीने. उत्तर नाही. सोमवारी पुन्हा जाणार, या वेळी पोरींना घेऊन. हाकललं तर पुढच्या सोमवारी जाणार. कुणाला हसायचं असेल त्याने हसावं. यापुढे माझी मान खाली जाणार नाही. त्या पोरींनाही मी ती खाली घालू देणार नाही.