सेलच्या दुपारी दिसलेला समुद्र

रविवारी दुपारी मी मोबाईलवर व्हिडिओ गेमचा सेल बघत होतो. सगळेच गेम इतके स्वस्त होते की एकही सोडवेना. तेवढ्यात माझी बायको वृंदा टीव्हीसमोर येऊन बसली.

"मागच्या सेलमधला हा गेम तू उघडलासुद्धा नाहीस? मी खेळून बघू?" म्हणत तिने तो टीव्हीवर सुरू केला.

तिला गेमची सवय नाही. गेममधला तिचा माणूस धडपडत कसाबसा एका टेकडीवर पोचला आणि समोर एकदम समुद्र आला. तिथे संध्याकाळ होत होती. पाणी हळूहळू तांबूस होत गेलं.

"अगं, पुढे चल. खाली खजिना असेल," मी म्हणालो.

"थांब ना. गवत बघ कसं वाऱ्याने झुकतंय! कुणीतरी बसून केलं असेल ना रे हे सगळं?"

मी मोबाईल खाली ठेवला. खरंच, ही लाट फुटल्यावर किती फेस यावा, हेसुद्धा कुणीतरी जीव लावून ठरवलं होतं. असे किती समुद्र मी विकत घेऊन न बघताच ठेवले होते, आणि आज आणखी घ्यायला निघालो होतो!

मोबाईल पुन्हा उचलून सेलमध्ये निवडलेले गेम मी एकेक करून काढून टाकले. एक-दोनदा हात अडखळला, खोटं कशाला सांगू? मग वृंदाच्या शेजारी जाऊन बसलो. पाण्यावर पहिली चांदणी उमटली, आणि तिने नकळत माझा हात घट्ट धरला.