पाणगवताची कटिंग

कॉलेजात तिला सगळे गवतवाली मॅडम म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडे. तिच्या प्रयोगशाळेत काचेच्या भिंतींचा एक लांबलचक कालवा होता. त्याच्या तळाशी गवत लावायचं, वरून पाणी सोडायचं आणि बुडालेल्या गवतामुळे पाण्याचा वेग कुठे किती होईल हे आधी गणितानं सांगून मग मोजून बघायचं, हा तिचा उद्योग. मुलं मोठी झाल्यावर पीएचडीला बसलेली बाई, त्यामुळे उत्साह असा की विचारू नका. घरी भाजी धुतानाही पानांमधून पाणी कसं वाट काढतं ते बघत बसे. नवरा मुकाट्यानं येऊन नळ बंद करी.

आधी तिनं प्लास्टिकच्या ताठ काड्या लावल्या होत्या. तेव्हा गणित छान जुळायचं. मग हौसेनं खरं पाणगवत आणलं आणि गणित रुसून बसलं. शेवटी गाइड सरांनी सांगून टाकलं, सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी दुपारी येतो, तोवर जुळलं नाही तर कालवा दुसऱ्याला द्यावा लागेल. कालवा गेला म्हणजे पीएचडी गेली.

सुट्टी संपल्यावर त्या दिवशी सकाळी तिनं प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. गवत मरू नये म्हणून दिवे चालू ठेवले होते, वर खतही घातलं होतं. गवतानं त्या मायेचं चीज केलं होतं. ते थेट पाण्याबाहेर डोकं काढून उभं होतं. आता त्याला बुडालेलं म्हणायचं तरी कसं?

तिनं नणंदेला फोन लावला. नणंदेचं ब्यूटी पार्लर. ती कात्र्या घेऊन आली, कालव्याभोवती एक फेरी मारली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "वहिनी, स्टेप कट करू की सरळ?"

मग काय, हसून हसून दोघींच्या पोटात दुखायला लागलं. मॅडमनं पंप बंद केला, काचेवर निळी रेघ मारली आणि नणंदेनं कोपरापर्यंत हात बुडवून रेघेबरोबर गवत सारखं केलं. गिऱ्हाईक मान हलवत नाही, असं सुख पार्लरमध्ये नाही, म्हणाली.

देवाचं नाव घेऊन मॅडमनं पंप सुरू केला, वेग मोजला. पुन्हा तेच. रेघेच्या खाली पाणी रांगेल असं गणित म्हणत होतं आणि तिथं ते खुशाल पळत होतं. तिचं हसू मावळलं. ती काचेला नाक लावून बघत राहिली आणि एकदम तिनं निळ्या रेघेवर टिचकी मारली. गवत प्रवाहात वाकून रेघेच्या कितीतरी खाली गेलं होतं. उंची पाणी थांबवून मोजायची ही सवय ताठ काड्यांच्या काळातली. काड्या वाकत नव्हत्या, म्हणून चालून गेलं होतं. इतके महिने ती उभ्या गवताचं गणित वाकलेल्या गवताला लावत होती.

"अगं, मी महामूर्ख आहे," ती आनंदानं म्हणाली आणि नणंदेला गच्च मिठी मारली. वाकलेली उंची घालून तिनं गणित पुन्हा चालवलं. मोजलेले ठिपके रेषेवर शहाण्यासारखे बसले. फक्त गवताच्या शेंड्यांपाशी दोन बाहेर राहिले.

सर आले तेव्हा दोघी चिंब, केसांत पाणगवत, आणि हसू आवरत नव्हतं. सरांनी आलेख नीट पाहिला. त्या दोन ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"इथं अजून चुकतंय, सर," ती म्हणाली.

"मग कालवा कसा सोडणार तुम्ही?" सर म्हणाले. "हे कोण सोडवणार?"

तिनं मनातल्या मनात हात जोडले. नणंद कात्री पुसत सरांच्या केसांकडे बघत होती.