चिमूटभर मिठावरून निदान

डॉक्टर वामनरावांची आणि माझी ओळख मेडशीच्या बाजाराच्या दिवशी झाली. ते वाशीमहून एस.टी.ने यायचे आणि माझ्या किराणा दुकानाच्या ओट्यावर बसून रोगी तपासायचे. नाडी धरण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "तोंडाले चव कशी हाये?" मला वाटे, हे डॉक्टर की आचारी? मी शाळेत फारसा गेलो नाही. जे शिकलो, ते त्यांच्याशेजारी बसून. माझ्या अडाणी प्रश्नांना त्यांनी कधी हसण्यावारी नेले नाही.

त्यांच्या साठीनिमित्त लिहायला बसलो, तर लेखणी एकाच प्रसंगाकडे धावते.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सगळेच वाळलेले, म्हणून आमच्या सुनेचे, सुशीलेचे, वाळणे कोणाला खुपले नाही. तिला घेरी येई, चेहरा काळवंडलेला, आणि येता-जाता ती खडेमीठ चघळायची. आमच्या जैन घरात चैत्रात आयंबिलाची ओळी असते. नऊ दिवस एकवेळ जेवण, तेही बिनमिठाचे. आमच्या सौभाग्यवतींनी तिला सुनावले, "ओळी जवळ आली अन् तुही जीभ सुटली. नऊ दिवस मीठ बंद केलं का येशीन ताळ्यावर." बिचारी तयारही झाली.

हे कानावर येताच डॉक्टरांनी दोन पेले पाणी मागवले आणि एकात मिठाचे काही कण टाकले. मला फरक कळेना. सुशीलेने ओठ लावताच खारा पेला दाखवला. मग त्यांनी तिच्या हिरड्या आणि तळहाताच्या काळ्या पडलेल्या रेषा पाहिल्या.

"शेठजी, हे जिभेचे लाड नोयत," ते मला म्हणाले. "मूत्रपिंडाच्या डोक्यावर दोन बारक्या ग्रंथी राह्यतात. त्याईचा रस रक्तातून अंगभर निरोप पोचवते. रस आटला का मीठ अंगात टिकत नाई, जिभेच्या चवीच्या पेशीही येगळ्या वागतात, तुमाले न कळणारं मीठ तिले कळते. पोरीचं अंग मीठ मागून राह्यलं. बंद केलं त जीव जाईन."

सौभाग्यवतींना मात्र ते एवढेच म्हणाले, "वहिनी, मी व्रत मोडा म्हणत नाई. चाला, साध्वीजींलेच इचारू." चपला बाहेर काढून ते साध्वीजींच्या मुक्कामी, उपाश्रयात बसले आणि सारे समजावून सांगितले. साध्वीजींनी सुशीलेला ओळीतून सूट आणि औषधाला संमती तत्काळ दिली. पुढे नागपूरच्या दवाखान्यात ते स्वतः सोबत आले. निदान खरे ठरले, गोळ्या सुरू झाल्या.

काही आठवड्यांनी त्यांनी पुन्हा दोन पेले मांडले. सुशीलेने दोन्ही चाखले, परत चाखले, आणि गोंधळून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दोनई सारखेच लागतात."

"मंग पास झाली तू."

पदराने डोळे पुसत सौभाग्यवती म्हणाल्या, "आता माही जीभ तपासा. लय चालते." कितीतरी दिवसांनी आमचे घर पोटभर हसले.

सुशीलेला ती गोळी जन्मभर घ्यायची आहे. ती कमी-जास्त करणारा हात आम्हाला तितकीच वर्षे हवा. डॉक्टरांना उदंड, निरोगी आयुष्य मागतो आहे, त्यात हा आमचा स्वार्थ आहे. तो त्यांनी गोड मानून घ्यावा.