दुसऱ्या मजल्यावरचा पालक आणि इन्व्हर्टर

भोपाळच्या ज्या सरकारी कारखान्यात मी नोकरी केली, तिथे ट्रान्सफॉर्मर बनत, आणि ते बाहेर पाठवण्याआधी तपासायचं काम माझ्या विभागाकडे होतं. तपासणीच्या कागदावर शेवटी माझी सही असे. त्यामुळे विजेच्या बाबतीत घरात माझा शब्द अखेरचा मानावा, अशी माझी माफक अपेक्षा होती. बायकोने ती लग्नानंतर बरीच वर्षं सांभाळली. नंतर मी घरात पालक लावला.

आमचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर होतं. टाउनशिपमध्ये तळमजल्यावाल्यांना मागे अंगण मिळे. आमच्याच रांगेत तळमजल्यावर एक फोरमन राहत, सागर जिल्ह्याकडचे. त्यांच्या अंगणात वांगी, भेंडी, दोडका, सगळं यायचं. मी गॅलरीतून रोज ते बघायचो. मग एका कृषी प्रदर्शनात मातीशिवाय भाजी पिकवणारा संच पाहिला आणि माझ्या मनाने घेतलं. चार प्लॅस्टिकचे पाइप, त्यांना भोकं, भोकांत रोपं. खालच्या टबातलं खताचं पाणी छोट्या पंपाने वरच्या पाइपात चढवायचं. तिथून ते उताराने एकेका पाइपातून वाहत पुन्हा टबात. पंप म्हणजे आपल्या कूलरमध्ये असतो तोच. मागच्या खोलीत ऊन येत नव्हतं, म्हणून वर आठ ट्यूबलाइट.

"अहो, पण भाजीवाला दारावर येतो," बायको म्हणाली. ती नागपूरची, भोपाळातल्याच शिवाजी नगरला राज्य सरकारच्या कचेरीत नोकरीला. फायलीवर शेरा मारावा तसं ती एकदाच बोलते.

पालक, कोथिंबीर आणि मेथी खरोखरच उगवली. मी पाहुण्यांना चपला काढायला लावून ती खोली दाखवायचो. मग मला बॅकअपची काळजी लागली. टाउनशिपची वीज सहसा जात नसे, गेली तरी अर्ध्या तासात येई. पण मी तपासणी विभागाचा माणूस. 'सहसा' या शब्दावर सही करणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी आणली. दोन माणसांनी ती धापा टाकत वर चढवली. आठही ट्यूब आणि पंप मी त्यावर जोडले आणि तीन तास चालेल असा हिशोब कागदावर मांडून तो कागद भिंतीला चिकटवला.

"यावर आपला पंखा नाही का?" बायकोने विचारलं.

"लोड वाढेल."

"म्हणजे लाइट गेली की आपण घामाघूम आणि पालक उजेडात."

"रोपांना ठरलेला उजेड लागतो."

"ती अंधारात झोपत नाहीत का?"

मी तिला पानं उजेडात अन्न कसं तयार करतात ते समजावून सांगितलं. बराच वेळ सांगितलं. ती ऐकता ऐकता कपड्यांच्या घड्या करत होती.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या टाउनशिपची वीज गेली. बायकोला सुट्टी होती, मला नव्हती. कारखान्यात मला बोलावणं आलं की सबस्टेशनवर मोठा आवाज झाला, ट्रान्सफॉर्मर बंद पडलाय, ताबडतोब या. तो ट्रान्सफॉर्मर आमच्याच कारखान्याचा होता. एकाने माझ्यासमोर जुनी फाइल उघडली आणि तपासणीच्या कागदावर बोट ठेवून म्हणाला, "सर, सही आपकी ही है ना?" होती. सहीखाली दोन रेघा मारायची मला तेव्हा हौस होती, त्याही होत्या.

मी निघतो तोच घरून फोन आला. बायको म्हणाली, "तुमचा इन्व्हर्टर चालू आहे. लाइट लवकर येईल असं दिसत नाही. ट्यूब बंद करू का? पंपाला तरी बॅटरी पुरेल."

सबस्टेशनवर माझी अब्रू धोक्यात होती, त्यामुळे माझा आवाज फार साहेबी झाला. मी म्हणालो, "कशालाही हात लावू नकोस. हिशोब करून बसवलंय."

"बरं," ती म्हणाली.

पुढचा सगळा दिवस मी उन्हात त्या ट्रान्सफॉर्मरभोवती फिरलो. आम्ही तेल तपासलं, आतल्या तारांच्या गुंडाळ्या तपासल्या. प्रत्येक आकडा बरोबर येत होता. दुपारी कधीतरी एका लाइनमनला मागच्या बाजूला जळालेली खार सापडली. ती दोन तारांच्या मध्ये आली होती, बिचारी. तिला पाहून मला जो आनंद झाला, त्याची मला आजही लाज वाटते. तरी नियमाप्रमाणे सगळ्या चाचण्या पुन्हा करणं, जळालेली जोडणी बदलणं, यात संध्याकाळचे सहा वाजले.

वीज आल्यावर मी घरी आलो. दार उघडंच होतं. मागच्या खोलीत बायको स्टुलावर बसली होती, साडी गुडघ्यापर्यंत ओली, हातात न्हाणीघरातला मग. खालचे फोरमन भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते आणि त्यांची बागेची झारी शेजारी होती.

मी दारातूनच म्हणालो, "ट्रान्सफॉर्मरला काहीही झालेलं नाही. खार होती."

"अरे वा," बायको म्हणाली. "आणि याला काय झालं ते विचारता का?"

बॅटरी एक वाजता संपली होती. माझा तीन तासांचा हिशोब मिनिटाला मिनिट बरोबर ठरला होता. पंप थांबला तसं सगळं पाणी टबात उतरलं आणि मुळं कोरड्या पाइपात लोंबत राहिली. अर्ध्या-पाऊण तासात रोपांनी माना टाकल्या. तेव्हा बायकोने मगाने पाणी काढून वरच्या पाइपात ओतायला सुरुवात केली. ते वाहून टबात आलं की पुन्हा वर. मग हातात घेऊन ती जरा वाऱ्याला गॅलरीत आली तेव्हा खालच्या अंगणातून फोरमननी तिला पाहिलं, म्हणून ते वर आले आणि त्यांनी निम्मी पाळी घेतली. चार तासांहून जास्त वेळ दोघांनी असं काढलं होतं. खोलीत पंखा नव्हता.

मी फोरमनचे आभार मानले. ते उठत म्हणाले, "अरे साहब, पड़ोसी हैं। बस एक बात है, हमारे बैंगन को तो पता ही नहीं चला कि लाइट गई थी।" ते हे अगदी सरळ, चांगल्या मनाने म्हणाले. म्हणूनच ते जास्त लागलं.

ते गेल्यावर बायकोने विचारलं, "पंप किती वॅटचा आहे?"

"अठरा."

"आणि ट्यूब?"

मी आठ ट्यूबचा आकडा सांगितला, तीनशे वीस. सांगताना माझं मलाच ऐकू आलं. तिने मग खाली ठेवला. तिचे तळहात सुरकुतून पांढरे पडले होते. मी चहा टाकला. साखर कुठे असते ते मला विचारावं लागलं.

वरच्या पाइपातली कोथिंबीर गेली. मेथी निम्मी वाचली. पालक मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ताठ उभा होता. त्या रविवारी मी ट्यूब इन्व्हर्टरवरून काढल्या. पंप ठेवला, आणि भरपूर जागा उरली म्हणून बैठकीतला पंखाही जोडला. पंखा जोडायचं बायकोने या वेळी सुचवलं नव्हतं. निदान तेवढं मला सुचलं होतं. भिंतीवरचा कागद काढायला गेलो तर ती म्हणाली, "राहू द्या. आकडे बरोबरच होते."

त्यानंतर पावसाळ्यात एकदा झाड पडून तार तुटली आणि दुपारभर वीज नव्हती. मागची खोली अंधारी होती, पाइपांतून पाण्याची बारीक खळखळ चालू होती. आम्ही पंख्याखाली बसून भजी खाल्ली. पालकाचीच. फोरमननाही वर बोलावलं. त्यांनी दोन भजी खाल्ली, विचार केला आणि म्हणाले, "अच्छा है। पर मिट्टी वाली बात नहीं है।"

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "मुझे भी यही लगता है, भाईसाहब।" आणि तिने शेवटची चार भजी माझ्या ताटात वाढली.